नौकेवरून पोहणे

नौकेवरून पोहणे : किनाऱ्यापासून दूर, तळ न लागणाऱ्या मोकळ्या पाण्यात नौकेतून उतरून पोहण्याची व पुन्हा नौकेवर परतण्याची क्रिया. समुद्र, खाडी, मोठी सरोवरे व धरणांचे जलाशय अशा ठिकाणी मौजेसाठी, दीर्घ पल्ल्याच्या जलतरणासाठी किंवा अडकलेले जाळे सोडविणे, नौकेच्या तळाची पाहणी करणे यांसारख्या कामांसाठी असे पोहावे लागते. या व्याख्येतील ‘परतण्याची’ हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. पाण्याची खोली हे या पोहण्यातील मुख्य संकट आहे, असा सार्वत्रिक समज असला, तरी तो बरोबर नाही. कारण ३ मी. खोल पाण्यात शरीर जसे तरंगते, तसेच ते ४० मी. खोल पाण्यातही तरंगते. खरी अडचण अशी, की येथे पोहणाऱ्याला नौका हाच एक किनारा असतो आणि हा किनारा जागचा हलणारा व उंच काठाचा असतो. पट्टीचे पोहणारेही अशा पाण्यात बुडतात, ते बहुधा पोहता न आल्यामुळे नव्हे, तर नौका गाठता न आल्यामुळे किंवा गाठूनही तीवर चढता न आल्यामुळे.

विहिरीतील पोहणे व मोकळे पाणी : महाराष्ट्राच्या पठारी भागात पोहण्याचे शिक्षण परंपरेने विहिरीत होत आले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराला लागून असलेले भिंगार हे लष्करी छावणीचे गाव या दृष्टीने प्रातिनिधिक मानता येईल. हा प्रदेश पर्जन्यछायेत मोडतो. जवळून जाणारा भिंगार नाला पावसाळ्याखेरीज पोहण्याजोगा नसतो. त्यामुळे या भागातील मुलांचा पाण्याशी पहिला परिचय मळ्यातील विहिरीत होतो. कमरेला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा किंवा झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा बांधून आणि दोराचे दुसरे टोक पायरीवर उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती देऊन शिकाऊ मुलाला पाण्यात सोडतात. काही दिवसांनी बिंडा सुटतो, मग दोर सुटतो आणि मूल काठावरून मुटका मारू लागते.

ही पद्धत अनेक दृष्टींनी उत्तम आहे. तीमुळे पाण्याची भीती जाते व खोल पाण्यात तरंगून राहण्याची सवय लागते. मात्र विहिरीतील पोहणारा कोणत्याही क्षणी काठापासून चार-पाच मीटरांहून अधिक दूर नसतो. तेथे वारा लागत नाही, लाट उठत नाही, प्रवाह नसतो आणि पायरी जागची हलत नाही. वर्षानुवर्षे विहिरीत पोहलेल्या माणसाने सलग ५० मी. अंतर सरळ रेषेत एकदाही कापलेले नसते, असे पुष्कळदा आढळते. आपल्याला पोहता येते ही त्याची समजूत खरी असते. पण तिची कसोटी जेथे लागते, तेथील परिस्थिती त्याला ठाऊक नसते.

या परिसरातील लोकांना विस्तृत व खोल पाणी भेटते, ते धरणांच्या जलाशयांत. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर बांधलेल्या धरणाच्या ज्ञानेश्वरसागर जलाशयाची क्षमता २६ अब्ज घ. फुट (सु. ७३.६ कोटी घ. मी.) आहे. अकोले तालुक्यातील भंडारदरा येथील प्रवरा नदीवरील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सु. ८२ मी. असून जलाशय डोंगरांनी वेढलेला आहे. शेवगाव व नेवासे तालुक्यांच्या सीमेला भिडणारा जायकवाडीचा नाथसागर याउलट उथळ व अतिशय विस्तीर्ण, सु. ५५ किमी. लांबीचा आहे. उथळ व रुंद पाण्यावर वाऱ्याला मोकळे रान मिळते आणि तेथे लाटा लवकर व आखूड अंतराने उठतात. अशा लाटांत श्वास घेणे लांबट, संथ लाटांपेक्षा कठीण जाते. म्हणून कमी खोलीचा जलाशय कमी धोक्याचा असे धरून चालता येत नाही.

जलाशयांची आणखीही काही वैशिष्ट्ये आहेत. त्यांच्या तळाशी बुडालेली झाडे, कुंपणाच्या तारा, घरांच्या भिंती व जुन्या विहिरी असतात आणि पाण्याची पातळी वर्षभरात कित्येक मीटर खालीवर होत असल्याने दिवाळीत जेथे खोल पाणी होते, तेथे चैत्रात झाडाचा खुंट पाण्याखाली हातभर अंतरावर येतो. मासेमारीची जाळी पाण्यात उभी सोडलेली असतात. त्यांचा बारीक नायलॉनचा धागा पोहणाऱ्याला दिसत नाही. कालव्याच्या विमोचकाजवळ व पाणी उपसण्याच्या मनोऱ्याजवळ पृष्ठभाग शांत दिसत असतानाही खाली ओढ असते. धरणभिंत, सांडवा, कालव्याचे मुख यांच्या परिसरात उतरणे सर्वथा वर्ज्य समजावे. बहुतेक जलाशयांत पोहण्यास व खाजगी नौका चालविण्यास जलसंपदा विभागाची परवानगी लागते.

वारा, प्रवाह आणि नौका : सुरक्षिततेचा सर्व विचार या तिहींच्या परस्परसंबंधावर आधारलेला असल्याने तो थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

मोकळी सोडलेली, म्हणजे नांगर न टाकलेली व यंत्र बंद असलेली नौका वाऱ्याबरोबर सरकत जाते. तिचा पाण्याबाहेरील भाग शिडासारखे काम करतो. पोहणाऱ्याचे फक्त डोके पाण्याबाहेर असते; त्यामुळे वारा त्याला जवळजवळ ढकलीत नाही. साहजिकच दोघांमधील अंतर वाढत जाते. सर्वसाधारण पोहणाऱ्याचा वेग ताशी २ ते ३ किमी. असतो, उंच काठाची हलकी नौका जोराच्या वाऱ्यात ताशी एक-दीड किमी. वेगाने सहज सरकते. समजा, नौका ताशी १.५ किमी. वेगाने दूर जात आहे आणि ५० मी. मागे राहिलेला मनुष्य ताशी २ किमी. वेगाने तिच्यामागे पोहत आहे. दोघांच्या वेगांतील फरक ताशी अवघा अर्धा किमी. असल्यामुळे त्याला नौका गाठण्यास ६ मिनिटे लागतील आणि तेवढ्यात त्याला ५० नव्हे, तर २०० मी. अंतर पोहावे लागेल. दमून त्याचा वेग ताशी दीड किमी.वर आला, की नौका त्याला कधीच सापडणार नाही. बुडण्याच्या पुष्कळ घटनांमागे हे साधे गणित असते. पन्नास मीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटून पोहणारा पहिल्या दोन मिनिटांत सर्व शक्ती खर्च करतो आणि नौका मात्र पूर्वीइतकीच दूर दिसते.

ट्रॅक्टरची फुगविलेली ट्यूब, थर्माकोलचा तराफा, हवा भरलेल्या गाद्या या वस्तू नौकेपेक्षाही वेगाने वाऱ्यावर जातात. ग्रामीण भागात त्यांचा आधार विश्वासाचा मानला जातो. परंतु हातातून सुटलेल्या ट्यूबचा पाठलाग करणे हे जलाशयातील मृत्यूंचे एक नेहमीचे कारण आहे. सुटलेली वस्तू जाऊ द्यावी, हा नियम मुलांना पोहण्याआधीच शिकवावा.

प्रवाहाचा परिणाम याहून वेगळा असतो. वारा नौकेला ढकलतो, माणसाला नाही. प्रवाह मात्र दोघांनाही सारखाच वाहून नेतो. म्हणून मोकळी नौका व तिच्याजवळचा पोहणारा प्रवाहात एकमेकांपासून दुरावत नाहीत. काठाच्या मानाने दोघेही सरकतात एवढेच. नांगरलेल्या नौकेची गोष्ट उलट आहे. नौका जागेवर राहते आणि पोहणारा एकटा वाहत जातो. सु. १.८५ किमी. वेगाच्या, म्हणजे ताशी एका सागरी मैलाच्या प्रवाहाविरुद्ध सामान्य पोहणाऱ्याची प्रगती जवळजवळ खुंटते. हा वेग नौकेवरून पाहणाऱ्याला अगदी मंद वाटतो. पाण्यात काडी टाकून ती नौकेची लांबी किती वेळात ओलांडते हे मोजणे ही प्रवाह ओळखण्याची सोपी रीत आहे : ५ मी. अंतर काडीने १० सेकंदांत कापले, तर प्रवाह वरील मर्यादेला पोहोचला असे समजावे व उतरू नये. मंद प्रवाहातही नांगरलेल्या नौकेवरून उतरल्यास प्रथम प्रवाहाविरुद्ध पोहावे. म्हणजे दमल्यावर परतीच्या वेळी पाण्याचे साहाय्य होते.

पाण्याच्या खोलीचा खरा संबंध नांगराशी येतो. नांगर तळाला धरून राहण्यासाठी त्याचा दोर खोलीच्या निदान पाचपट सोडावा लागतो. चाळीस मीटर खोल पाण्यात याचा अर्थ २०० मी. दोर असा होतो आणि लहान नौकेवर तेवढा दोर क्वचितच असतो. म्हणजे खोल पाण्यातील नौका बहुधा मोकळीच असते व वाऱ्याबरोबर चालत असते. या स्थितीत नौकेची गती कमी करण्यासाठी कॅनव्हासच्या नरसाळ्यासारख्या पिशवीचा तरता नांगर दोराने पाण्यात सोडतात. तो नसल्यास मजबूत बादली दोराला बांधून सोडल्यानेही काही प्रमाणात काम भागते.

सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे परतीचा दोर. नौकेच्या पिछाडीला २५ ते ३० मी. लांबीचा दोर बांधून त्याच्या टोकाला ठळक रंगाचा तरता पिंप किंवा गोळा लावतात. दोर पॉलिप्रॉपिलिनचा असावा, कारण तो तरंगतो. नायलॉनचा दोर बुडतो. नांगरलेल्या नौकेचा हा दोर प्रवाहाच्या दिशेला ताणला जातो आणि मोकळ्या नौकेचा दोर वाऱ्याच्या उगमाकडे मागे राहतो. दोन्ही वेळा पोहणारा ज्या बाजूला मागे पडण्याचा संभव असतो, त्याच बाजूला दोर आपोआप जातो. नवशिक्याने या दोराच्या टप्प्याबाहेर जाऊ नये. विहिरीच्या पायरीवर धरलेल्या दोराचेच हे मोठे रूप होय.

समुद्रात प्रवाह मुख्यतः भरती-ओहोटीमुळे निर्माण होतात. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत ४ ते ५ मी. फरक पडतो व बंदराच्या तोंडाशी आणि खाड्यांत प्रवाह प्रबळ होतात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या वेळी ते सौम्य असतात. कोकणातील तांडेल तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : पंचमीला पावणेचारच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा ठोकताळा स्थूल असून तो सर्व खाड्यांना सारखा लागू पडत नाही. निश्चित वेळांसाठी छापील भरती-कोष्टके पाहावीत. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी काही काळ स्थिर असते. नौकेवरून उतरण्यास तोच काळ योग्य.

प्रवाह पोहणाऱ्याचा मार्ग किती लांबवितो, याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्रज कवी बायरन यांचे आहे. ३ मे १८१० रोजी त्यांनी दार्दानेल्स सामुद्रधुनी १ तास १० मिनिटांत पोहून पार केली. सामुद्रधुनीची तेथील रुंदी दीड किमी.च्या आसपास असताना प्रवाहामुळे त्यांना सु. ६ किमी.हून अधिक अंतर जावे लागले. मॅथ्यू वेब यांनी २४-२५ ऑगस्ट १८७५ रोजी इंग्लिश खाडी २१ तास ४५ मिनिटांत पार केली. सरळ रेषेत सु. ३३ किमी. असलेले हे अंतर भरती-ओहोटीच्या प्रवाहांमुळे त्यांना सु. ६४ किमी. पडले.

वळवाचे वादळ : पठारावरील जलाशयांत समुद्रासारखी भरती-ओहोटी नसली, तरी चैत्र-वैशाखात दुपारनंतर उठणारे वळवाचे वारे तितकेच घातक असतात. पाणी आरशासारखे स्थिर असताना पंधरा-वीस मिनिटांत आकाश भरून येते, वारा सुटतो व पाठोपाठ विजा पडू लागतात. उजनी जलाशयात २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगाव (ता. करमाळा) व कळाशी (ता. इंदापूर) यांदरम्यान जाणारी प्रवासी नौका वादळी वाऱ्यात उलटून सहा जण मृत्यू पावले, एकच जण पोहत काठाला लागला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ मे रोजी अकोले तालुक्यातील सुगाव बुद्रुक येथे प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणांच्या शोधासाठी गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या पथकाची नौका उलटली आणि पथकातील तिघे मरण पावले. प्रशिक्षण व साधने असलेल्यांवरही असा प्रसंग येतो, हे ध्यानी घेता हौशी लोकांनी या दिवसांत सकाळी लवकर पोहून दहाच्या आत काठावर परतणे शहाणपणाचे ठरते. गडगडाट ऐकू येताच पाण्याबाहेर पडावे.

पाणी, शरीर व थंडी : समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सु. २.५ टक्के जड असते. त्यामुळे ६० किग्रॅ. वजनाच्या माणसाला समुद्रात सु. १.५ किग्रॅ. अधिक आधार मिळतो. हा फरक किरकोळ वाटला, तरी नाकतोंड पाण्यावर राहणे किंवा न राहणे त्यावर अवलंबून असू शकते. समुद्रात निश्चल तरंगणारा मनुष्य जलाशयात किंचित खाली जातो व त्याला हातपाय हलवावे लागतात.

पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा सु. २५ पट जलद वाहून नेते. महाराष्ट्रातील पाणी युरोपातील पाण्याइतके थंड नसते. तथापि हिवाळ्यातील पहाटे डोंगरी जलाशयांत, तसेच उन्हाळ्यात वरच्या उबदार थराखालील थंड पाण्यात बुडी मारल्यास धाप लागते. थंड पाण्याचा स्पर्श होताच पहिला श्वास अनावरपणे खोल घेतला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी फुप्फुसात जाते. यासाठी नौकेवरून सूर मारू नये. शिडीने किंवा काठाला धरून पाय प्रथम सोडावेत, तोंडावर व मानेवर पाणी मारावे व श्वास लयीत येईपर्यंत एक-दोन मिनिटे नौकेला धरून राहावे. गारठल्यावर शरीराच्या अंतर्भागाचे तापमान घसरण्याच्या फार आधी हातापायांची शक्ती जाते आणि बोटांना शिडीचा दांडा धरता येत नाही. कुडकुडणे सुरू होणे ही परतण्याची पहिली खूण नसून उशीर झाल्याची खूण समजावी.

पाण्याखाली अधिक काळ राहता यावे म्हणून बुडीपूर्वी जोरजोराने अनेक श्वास घेण्याची प्रथा तरुणांत आढळते. ती अतिशय धोकादायक आहे. अशा श्वसनाने रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी होतो व श्वास घेण्याची इच्छा उशिरा निर्माण होते. दरम्यान ऑक्सिजन संपून मनुष्य कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. मद्यपानानंतर पोहण्याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही.

नौकेवर परत चढणे : पाण्यात असताना शरीराचे वजन पाणी पेलते, नौकेच्या काठावर चढताना मात्र ते सर्व, अधिक भिजलेल्या कपड्यांचे ओझे, हातांवर येते. पाण्यापासून काठ अर्ध्या मीटरहून उंच असेल, तर ताज्या दमाच्या माणसालाही आधाराशिवाय चढणे कठीण जाते. दमलेल्याला ते अशक्य होते. म्हणून शिडी लावल्याशिवाय व कोणीतरी ती एकदा वापरून पाहिल्याशिवाय कोणीही पोहण्यास उतरू नये. शिडीच्या निदान तीन पायऱ्या पाण्याखाली असाव्यात, नाहीतर पाय पोहोचत नाही. दोरशिडी नौकेच्या पोटाखाली जाते व चढणारा पाठीवर उताणा लोंबकळतो. तिच्या खालच्या टोकाला वजन बांधल्यास हा दोष थोडा कमी होतो. शिडी मुळीच नसेल, तर जाड दोराचे फास काठाला खालीवर बांधून त्यांचे रिकीब करता येते.

लहान होडीत बाजूने चढू नये, कारण होडी कलंडते. यंत्र पूर्ण बंद असल्याची खात्री करून पिछाडीने चढावे आणि आतील माणसांनी वजन समोरच्या टोकाकडे न्यावे. सर्वांनी मदतीसाठी एकाच काठावर धावणे हे होडी उलटण्याचे हमखास कारण असते. यंत्राचा पाण्यातील फिरता भाग, ज्याला मच्छीमार पंखा म्हणतात, तो यंत्र चालू असता गियर सुटला असला तरी फिरू शकतो. त्यामुळे पोहणारे पाण्यात असेपर्यंत यंत्र सुरू करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा व सर्वांची मोजणी झाल्याशिवाय तिने ते सुरू करू नये.

पहारा : नौका कधीही पूर्ण रिकामी सोडू नये, हा या विषयातील पहिला नियम होय. नौका चालविता येणारी निदान एक व्यक्ती कोरडी व सावध राहिली पाहिजे आणि तिने पोहणाऱ्यांवरून नजर काढता कामा नये. पोहणाऱ्याचे डोके पाण्याबाहेर जेमतेम वीतभर असते. अर्धा मीटर उंचीच्या लाटांत ते शंभर मीटरांवर वारंवार दिसेनासे होते. निळ्या व पांढऱ्या टोप्या पाण्यावर लपतात. नारिंगी, भडक गुलाबी व पिवळ्या टोप्या उठून दिसतात. लांब पोहणाऱ्याने कमरेच्या पट्ट्याला हलका, रंगीत तरता फुगा बांधावा. तो पोहण्यास अडथळा करीत नाही व दम लागल्यास आधार देतो. नौकेतील कच्च्या पोहणाऱ्यांनी मात्र जीवरक्षक जाकीट घालूनच बसावे व तसेच पाण्यात उतरावे. बेशुद्धावस्थेत तोंड पाण्यावर ठेवणाऱ्या जाकिटाची उद्धरणशक्ती सामान्यतः १०० ते १५० न्यूटन असते. ५० न्यूटनांची हलकी जाकिटे केवळ पोहता येणाऱ्यांसाठी असतात. आकडा जाकिटावर छापलेला असतो.

एक हात सरळ वर धरून हलविणे ही मदतीची खूण मानतात. तथापि बुडणारा मनुष्य ती करू शकेल, हे गृहीत धरू नये. प्रत्यक्ष बुडणे बहुतेक वेळा मूक असते. मनुष्य उभा होतो, डोके मागे पडते, तोंड पाण्याच्या पातळीला खालीवर होते आणि हात बाजूंना पाणी दाबीत राहतात. ओरडण्याइतका श्वास त्याच्याजवळ नसतो. ही अवस्था एक मिनिटाहून क्वचितच अधिक टिकते. नौकेवरच्यांना तो खेळत आहे किंवा उभे पोहत आहे, असेच वाटते. हाक मारूनही उत्तर आले नाही, तर तत्क्षणी हालचाल करावी.

दीर्घ पल्ल्याचे सागरी जलतरण : या प्रकारात नौकेचे कार्य अधिक गुंतागुंतीचे असते, कारण इंग्लिश खाडीच्या रूढ नियमांनुसार जलतरणपटूला नौकेचा स्पर्श वर्ज्य असतो. नौका त्याच्या शेजारून त्याच्याच गतीने जाते, मार्ग दाखविते, वाऱ्याचा व लाटांचा मारा अंगावर घेते आणि ठरावीक वेळाने काठीच्या वा दोराच्या टोकावरून पेय व अन्न पुरविते. भारतीयांपैकी मिहिर सेन यांनी १९५८ मध्ये व आरती साहा यांनी १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पार केली. मिहिर सेन यांच्या १९६६ मधील पाल्कच्या सामुद्रधुनीतील जलतरणास भारतीय नौदलाच्या नौकांची सोबत होती. श्रवणदोष असलेले मुंबईचे तारानाथ शेणॉय यांनी १९८० नंतरच्या दशकात इंग्लिश खाडी पोहून पार केली. अशा जलतरणपटूच्या बाबतीत हाक व शिटी निरुपयोगी ठरून सर्व भिस्त दिसणाऱ्या खुणांवर राहते. खरे पाहता लाटांच्या आवाजात व कानांत पाणी असताना प्रत्येकच पोहणाऱ्याची स्थिती थोडीफार अशी असते. पुण्याचे रोहन मोरे यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडजवळील कुक सामुद्रधुनी पार करून जगातील सात अवघड सामुद्रधुन्या व खाड्यांची मालिका पूर्ण केली. असे करणारे ते पहिले आशियाई होत.

मुंबईत संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया हे सु. ५ किमी.चे व धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सु. ३६ किमी.चे अंतर पोहण्याची परंपरा आहे. दुसऱ्या मार्गावर प्रस्थानाची वेळ भरती-ओहोटीवरून ठरवावी लागत असल्यामुळे काही वेळा मध्यरात्रीनंतर पाण्यात उतरावे लागते. तेव्हा पोहणाऱ्याच्या टोपीवर किंवा कमरेवर लहान दिवा लावतात. पोहणे थांबविण्याचा निर्णय नौकेवरील निरीक्षक व प्रशिक्षक यांच्या हाती असतो. थंडीने व थकव्याने पोहणाऱ्याची विचारशक्ती मंदावते, बोलणे अडखळते आणि तरीही तो पुढे जाण्याचा आग्रह धरतो. म्हणून हातांच्या फेऱ्यांची दर मिनिटाची संख्या मोजून ती एकाएकी घटल्यास त्याला बाहेर काढतात. लहान वयाच्या मुलांच्या विक्रमांच्या बाबतीत हा निर्णय पालकांच्या उत्साहावर सोडणे योग्य नव्हे.

पावसाळ्यात व त्यानंतर मुंबईच्या पाण्यात फायसेलिया व जेलीफिश यांचा उपद्रव होतो. त्यांचे तंतू अंगाला चिकटल्यास वाळूने चोळू नयेत. समुद्राच्या पाण्याने धुऊन काढावेत. फायसेलियाचा दंश सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेकल्यास वेदना कमी होतात.

सुटका व प्रथमोपचार : बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी पाण्यात उडी घेणे हा शेवटचा उपाय आहे. प्रथम वल्हे किंवा काठी पुढे करावी. ती न पोहोचल्यास दोर, जीवरक्षक कडे, बंद पिंप, प्रसंगी लुगडे किंवा धोतर फेकावे. तेही न साधल्यास नौका वल्हवत जवळ न्यावी व पिछाडीकडून त्याला धरावे. घाबरलेला मनुष्य हाती लागेल त्याला मिठी मारतो. एकाला वाचविताना दोघे-तिघे बुडाल्याच्या ज्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्यांचे कारण हेच असते. नौकेपासून दुरावलेल्या पोहणाऱ्याने तिचा पाठलाग सोडून उताणे व्हावे, श्वास लयीत आणावा, हात वर करून खूण करावी व शक्ती राखून ठेवावी. नौकेला त्याच्याकडे येणे हे त्याला नौकेकडे जाण्यापेक्षा सोपे असते. पायात गोळा आल्यास उताणे होऊन पायाचा अंगठा स्वतःकडे ओढावा.

बाहेर काढलेल्या व्यक्तीला पालथे घालून पोट दाबण्याची किंवा उलटे टांगून फिरविण्याची रूढी अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तीत मोलाचा वेळ जातो आणि पोटातील अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. व्यक्ती श्वास घेत नसल्यास तिला उताणे निजवून, हनुवटी उचलून व नाक दाबून प्रथम तोंडाने पाच श्वास द्यावेत. नंतर छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० या गतीने, प्रौढांत ५ ते ६ सेंमी. खोल, ३० वेळा दाब द्यावा व पुन्हा दोन श्वास द्यावेत. वैद्यकीय मदत मिळेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. बुडण्यात हृदय थांबते ते श्वास थांबल्यामुळे. म्हणून येथे केवळ छाती दाबणे पुरेसे नसते. लहान नौकेत हे करणे कठीण असले, तरी श्वास देणे काठाला लागण्याची वाट न पाहता नौकेतच सुरू करता येते. शुद्धीवर येऊन चालू-बोलू लागलेल्या व्यक्तीलाही रुग्णालयात नेणे आवश्यक असते, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचे दुष्परिणाम काही तासांनंतर प्रकट होऊ शकतात.